दशावतारात बाई नव्हती, म्हणून नाटकातच नव्हती?

गेल्या चतुर्थीपासून एक पोस्ट इकडच्या बहुतेक ग्रुपवर फिरते आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: कोकणातल्या बाईने नाटक ना लिहिलं, ना केलं. बायकांचं नाटक आणि बायकांच्या प्रश्नांवरचे माहितीपट हे 1975 नंतर मुंबईच्या इंग्रजाळलेल्या बायांनी आणलेलं खूळ. त्यात कला शून्य, पुरुषद्वेष फार.

पुरावा काय, तर दशावतार, म्हणजे कोकणातल्या जत्रांतलं लोकनाट्य. तिथे परंपरेने स्त्रीपार्टी पुरुषच, हे कबूल. लुगडं नेसून आलेला गडी दोन वाक्यांत अख्खी जत्रा रडवतो, त्याच्या कसबाला नमस्कारच. पण ‘बाईने एक तरी दशावतारी नाटक लिहिलं का?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने दशावतार बघितलाय की नाही, शंका येते. कथानक ठरतं, पात्रं वाटली जातात आणि संवाद उभ्याउभ्या रचले जातात. परंपरेने लिखित संहिता नसतेच. जे बाप्यांनीही लिहिलं नाही, ते बायकांकडे कसलं मागता? आणि गणपतीत फुगड्या थांबल्या की पदर खोचून एक सासू होते, दुसरी सून, आणि पाठांतर नसताना भांडण रंगतं, तेव्हा हीच पोस्ट टाकणारे ओटीवर बसून हसत असतात.

आता लिहिण्याचं. हिराबाई पेडणेकर सावंतवाडीच्या. कलावंतिणीच्या घरात वाढलेल्या, गाणं शिकलेल्या. 1904 साली ‘जयद्रथ विडंबन’ लिहिलं. पुढे त्यांचं ‘संगीत दामिनी’ केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श नाटक मंडळीने 1912 साली रंगभूमीवर आणलं. म्हणजे नाटकातली बाईसुद्धा पुरुषच रंगवत होते त्या काळात, बाईने लिहिलेलं नाटक व्यावसायिक मंडळी करत होती. आयुष्याचा उत्तरार्ध त्यांनी गुहागरजवळच्या पालशेतला काढला. सावंतवाडी आणि पालशेत कोकणात येत नसतील तर नकाशाच बदलायला हवा! आपल्याकडे त्यांचं नाव निघत नाही, कारण कुठल्या घरातली बाई हे आधी बघायची खोड. ती खोड पोस्टमध्येही आहे.

‘इंग्रजाळलेल्या बाया’ हा मुद्दा लवकर उरकतो. स्त्री मुक्ती संघटनेचं ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ 1983 चं. भाषा मराठी, बाज लोकनाट्याचा, आणि कुठल्याही अंगणात उभं राहील अशी मांडणी. माहितीपटांत ‘युगांतर’ या गटाचा 1981 चा ‘मोलकरीण’ बघा. गट बंगळूरचा, पण पडद्यावर पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायका, स्वतःच्या मराठीत पगाराबद्दल आणि संघटनेबद्दल बोलणाऱ्या. कॅमेऱ्यापुढे काय यावं हे त्यांच्याबरोबर बसून ठरलं होतं. यात इंग्रजी कुठे शोधायचं?

राहिला पुरुषद्वेष. खाडिलकरांनी ‘बायकांचे बंड’ लिहिलं, त्याला गिरिजाबाई केळकरांनी 1913 साली ‘पुरुषांचे बंड’ लिहून जवाब दिला. नाटकाला नाटकाने उत्तर, तेही 1975 च्या कितीतरी आधी. खाडिलकरांचं बंड ती गंमत आणि गिरिजाबाईंचं तो द्वेष, हे कुठल्या मापाने ठरवलं, तेवढं पोस्टकर्त्याने पुढच्या फॉरवर्डमध्ये कळवावं.