नाव काढलं, डोकं ठेवलं

आज पुन्हा ती पोस्ट फिरतेय : '9 नोव्हेंबर 1989ला बर्लिनची भिंत पडली आणि पूर्व जर्मनी संपला.' खाली अंगठ्यांचा पाऊस. अरे, त्या रात्री भिंतीतली फाटकं उघडली! देश त्यानंतर जवळजवळ अकरा महिने होता. 18 मार्च 1990ला तिथे मोकळी निवडणूक झाली, 1 जुलैला पश्चिम जर्मनीचं चलन, मार्क, आलं, 23 ऑगस्टला त्यांच्याच संसदेने पश्चिमेच्या घटनेच्या कलम 23नुसार सामील व्हायचा ठराव केला. 3 ऑक्टोबरला विषय संपला. आपल्याकडे मात्र एका रात्रीत सगळं उरकून टाकायची घाई.

नावाचाही तोच आनंद. 1945 ते 1949 हा भाग म्हणजे सोव्हिएत व्याप्त विभाग. त्याला डीडीआर म्हणू नका. 7 ऑक्टोबर 1949 नंतर मात्र जर्मन लोकशाही प्रजासत्ताक, जर्मनमधल्या आद्याक्षरांनी डीडीआर, म्हणजेच पूर्व जर्मनी. पश्चिम जर्मनीतल्या स्प्रिंगर कंपनीची पेपरं हे नाव ऑगस्ट 1989पर्यंत अवतरणचिन्हांत छापत राहिली, म्हणजे तुमचा देश आम्हाला मान्यच नाही. भारताने तर 1972मध्येच मान्यता दिली होती.

पूर्व जर्मनीतलं केम्निट्झ शहर घ्या. 1953मध्ये सरकारने वरून फर्मान काढून शहराचं कार्ल-मार्क्स-श्टाट केलं. मार्क्सचा त्या गावाशी काडीचा संबंध नव्हता. 1990मध्ये लोकांना विचारलं, तर सुमारे 76 टक्क्यांनी जुनं नाव परत मागितलं. 1 जूनपासून पुन्हा केम्निट्झ. जुने कागद शोधणाऱ्यांनो, या सदतीस वर्षांतली नोंद मार्क्सच्या नावाखाली बघा, नाहीतर हात हलवत परत याल.

हो, 'लोकशाही' हा शब्द त्या नावात थट्टाच होता, कबूल. निवडणुकीत उमेदवारांची एकच ठरलेली यादी, तीच मतपेटीत टाकायची. बर्लिनच्या भिंतीपाशी किमान 140 जीव गेले. श्टाझीच्या, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांच्या, फायलींची लांबी 111 किलोमीटर भरते. यावर वाद घालायला येऊ नका, मी घालणार नाही.

पण म्हणून तिथल्या दीड कोटीहून जास्त माणसांचं आयुष्य म्हणजे नुसती एक चूक? इथे डोकं फिरतं माझं. पुन्हा केम्निट्झच बघा. नाव टाकलं, पण सोव्हिएत शिल्पकार लेव केर्बेलने घडवलेलं मार्क्सचं सात मीटरचं ब्राँझचं डोकं लोकांनी जागेवर राहू दिलं. 1971चं आहे ते, लेनिनग्राडात तुकड्या-तुकड्यांत ओतून आणून जोडलेलं. गावची माणसं त्याला 'निशेल' म्हणतात, म्हणजे त्यांच्या बोलीत टाळकं. मागच्या भिंतीवर 'जगातल्या कामगारांनो, एक व्हा' चार भाषांत कोरलेलं तसंच आहे.

बर्लिनमध्ये उलट झालं. लेनिनचा 19 मीटरचा पुतळा 1991-92मध्ये कापून तुकडे रानात पुरले. 2015मध्ये डोकं उकरून श्पांडाऊच्या किल्ल्यातल्या प्रदर्शनासाठी आणावं लागलं. एवढा खटाटोप करण्यापेक्षा केम्निट्झकरांचं शहाणपण मला पटतं. आणि ती पोस्ट शेअर केलेली असेल, तर निदान तारीख तरी दुरुस्त करा.