बिलातले दहा टक्के

आमच्या नाशिकच्या भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सर्व्हिस चार्जचा विषय निघाला की निकाल आधीच लागलेला असतो: हॉटेलवाले लुटतात, कोर्टानं त्यांना बरं वठणीवर आणलं. तसं घडलंय खरं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानंही नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २८ मार्च २०२५ ला हरल्या. ‘हा सरकारी कर आहे’ असं समजून वर्षानुवर्षं तो निमूट भरणारे लोक मी घरातच पाहिलेत, त्यामुळे निकाल मला पटतो. फक्त या सगळ्या वादात ज्याच्या ‘सर्व्हिस’चा हा चार्ज, तो माणूस कुठेच नाही.

मागच्या सुट्टीत गंगापूर रोडच्या एका नव्या रेस्टॉरंटात आम्ही जमलो होतो. या रस्त्यावर दर वेळी एक नवीन पाटी असते. छताला उलट्या टांगलेल्या टोपल्या, अंधुक दिवे आणि ठेच्याला कसलंतरी इटालियन नाव. (चव चांगली होती, उगाच खोटं बोलणार नाही.) बुकिंग आठ जणांचं, पोचलो तेरा. दोन टेबलं जोडली, मग तिसरं. आत्याला एसीचा झोत सोसवेना, म्हणून अर्धी पंगत उठून पुन्हा बसली. वहिनींची चतुर्थी, म्हणजे मेनूत नसलेले उकडलेले बटाटे आणि दही आलं. काकांनी नाशिकच्याच द्राक्षांच्या चेनिन ब्लाँमध्ये बर्फ मागितला, तोही त्या वाढणाऱ्या मुलानं न हसता आणून दिला. बाहेरून आणलेला केक, त्याला सुरी, त्याचे फोटो, पुन्हा एकदा फोटो, कारण पहिल्यात दादाचे डोळे मिटले होते. मुलगा सुरगाण्याकडचा होता. हे आत्यानं पाच मिनिटांत काढून घेतलं. तिच्यापुढे कुणाचं गाव लपत नाही.

बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज होता. आतेभावानं फोन काढून मॅनेजरला निकाल वाचून दाखवला. मॅनेजरनं एक शब्द न बोलता तो काढला. टेबलावर विजयोत्सव. मग टीटीएमएम: भागाकार झाला, प्रत्येकानं आपापला हिस्सा क्यूआरवर रुपया-पैशासकट टाकला. टिपेची नोट कुणी ठेवली नाही. ठेवणार कुठून, नोटा बाळगतंय कोण आता?

‘पगार देणं मालकाचं काम’, हे ग्रुपवरचं उत्तर मला ठाऊक आहे आणि मान्यही आहे. पण मालकानं तो पगार पदार्थाच्या किमतीत धरला, की हीच मंडळी ‘एवढ्यात चौघांची मिसळ होते, वर रस्सा हवा तेवढा’ म्हणून गळा काढतात. दोन्हीकडून त्या मुलालाच मार.

मी इंग्लंडमध्ये, लीड्सला राहते. इथलं सगळं छान असा माझा मुळीच दावा नाही. सहाच्या वर माणसं असली की पुष्कळ ठिकाणी आधी कार्डावर अनामत मागतात, दोन तासांनी टेबल परत मागतात आणि बिलात साडेबारा टक्के ‘ऐच्छिक’ म्हणून लावून मोकळे होतात. ऐच्छिक असूनही इंग्रज माणूस ते काढायला सांगत नाही. त्यापेक्षा घरी जाऊन कुढेल. आठ सांगून तेरा जाण्याचं तर नावच नको. पण चार्ज काढायला सांगण्याच्या बाबतीत नाशिकचा ग्राहक मला जास्त शहाणा वाटतो.

पण इथे भांडण वेगळ्या जागी झालं. ते होतं, पैसे शेवटी जातात कुठे याचं. २००९ पर्यंत मालक टिपा धरून किमान वेतनाचा आकडा भरू शकत होते. त्या ऑक्टोबरपासून ते बंद झालं. मग २०२३ चा कायदा आला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला: टीप असो वा सर्व्हिस चार्ज, कर सोडून एक पेनीही मालकानं कापायची नाही, पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत रक्कम वाटायची, वाटपाचं धोरण लेखी ठेवायचं आणि तीन वर्षं हिशेब जपायचा. कामगार तो हिशेब मागू शकतो, नाही मिळाला तर ट्रायब्युनलकडे जाऊ शकतो. भांडी घासणाराही त्यात वाटेकरी होऊ शकतो, जो ग्राहकाला कधी दिसतच नाही.

आपल्याकडच्या सूचना ग्राहकाच्या हक्काच्या आहेत. चार्ज लावला तर काढायला सांगा, नाही काढला तर १९१५ ला फोन करा, ग्राहक आयोगाकडे जा. स्वखुशीनं दिलेली रक्कम वाढणाऱ्यापर्यंत, स्वयंपाकघरातल्या माणसापर्यंत पोचली का, हे त्यात कुणी विचारायचं नाही. ‘हा चार्ज आम्ही कर्मचाऱ्यांतच वाटतो’ असं रेस्टॉरंटवाले सांगत होते. मग वाटपाची वही उघडी करा, एवढी मागणी तरी ग्राहक चळवळीनं करायला हवी होती. संघटनांनाही ते सोपं गेलं असतं, खरोखर वाटत असतील तर.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. आतेभावाचं उत्तर आलं, ‘कर तिकडे भरतेस आणि सल्ले इकडे देतेस.’ बरोबर आहे त्याचं. तरी दिवाळीच्या जेवणाचं बुकिंग या वेळी तोच करणार आहे, तर मी त्याला दोनच कामं सांगितली आहेत: आकडा खरा सांग, आणि एटीएममधून थोड्या नोटा काढून आण.