फासा पडद्यावरही पडतो

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन आणि फासे टाकत खेळायच्या साहसाच्या खेळावर धड सिनेमा होऊच शकत नाही, असं ठासून सांगणारा मजकूर सध्या पुन्हा फिरतोय. त्यातले मुद्दे थोडक्यात असे: या खेळाला स्वतःची गोष्ट नाही, फाशाची मजा पडद्यावर येत नाही, २००० आणि २०२३ असे दोन्ही प्रयत्न आपटले, आणि नियम माहीत नसलेल्या माणसाला त्यात काही कळत नाही. मी हा खेळ दर रविवारी खेळते, आणि यातला एकही मुद्दा मला मान्य नाही.

गोष्ट नाही, हे आधी घेऊ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४मध्ये हा खेळ आणला तेव्हा त्यात ठरलेलं कथानक नव्हतं, हे खरंच आहे. पण गोष्ट घडवायची रीत होती. चार-पाच जण, प्रत्येकाच्या अंगी एखादंच कसब, आणि समोर एकट्याला न झेपणारं काम. पटकथा लिहिणाऱ्याला याहून चांगली सुरुवात कुठे मिळणार? शिवाय कादंबरीवरच्या सिनेमासारखी ‘हे का गाळलं, ते का बदललं’ ही भीती नाही. २०२३च्या ‘ऑनर अमंग थीव्हज’ या सिनेमातले एडगिन, होल्गा, सायमन आणि डोरिक सिनेमासाठीच घडवलेले आहेत, ते वावरतात ते जग मात्र खेळातलं, फरगॉटन रेल्म्सचं.

आता फासा. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो, कारण तो लिहिणाऱ्याने बहुधा टेबलावर बसून पाहिलेलंच नाही. एकदा किल्ल्यात शिरण्यासाठी आम्ही पाऊण तास बेत आखला. भिंत कोण चढणार, पहारेकऱ्याला बोलण्यात कोण गुंतवणार, सगळं कागदावर मांडलं. मैत्रिणीने वीस बाजूंचा फासा टाकला. तो घरंगळत जाऊन चहाच्या कपाला आपटला आणि थांबला. वर एक, म्हणजे सगळ्यात वाईट आकडा. पाऊण तासाचं मुसळ केरात! पुढचे तीन तास आम्ही त्या घोळातून वाट काढत होतो, आणि आजही आम्हाला आठवतात ते हेच तीन तास.

आता ‘ऑनर अमंग थीव्हज’मधला दगडी पूल आठवा. झेंक हा पॅलडिन, म्हणजे धर्मनिष्ठ योद्धा, पूल ओलांडायचे किचकट नियम समजावून सांगतोय, आणि सायमनचा पाय चुकून पुलावर पडतो. सगळा पूल कोसळतो. सगळे गप्प. मग लक्षात येतं, की होल्गाच्या हातातली साधी वाटणारी काठी जादूची आहे, तिने दोन ठिकाणं जोडणारं दार उघडता येतं. फासा एकावर पडला आणि डंजन मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, डोकं खाजवत दुसरी वाट दिली, असंच हे आहे. पडद्यावर फासा दाखवावा लागला नाही; तो पडल्याचं मला खुर्चीत बसून जाणवलं.

२०००च्या सिनेमाबद्दल फार बोलायला नको. तो फसलाच. पण त्यात राजकारण आणि ड्रॅगनच्या लढाया भरपूर आहेत, आणि एकमेकांना सांभाळून घेणारी टोळी कुठे जमतच नाही. खेळातलं मुख्य तेच राहून गेलं, तर दोष खेळाचा कसा?

२०२३च्या सिनेमाला सुमारे १५ कोटी डॉलर खर्च आला आणि जगभरात जेमतेम २१ कोटींच्या आसपास जमले. थिएटरांचा वाटा आणि जाहिरातीचा खर्च धरता हा नफ्याचा हिशेब नाही, हे मी नाकारत नाही. पण एक आठवडा आधी चौथा ‘जॉन विक’ लागला होता, आणि पाचच दिवसांनी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला. मारिओच्या मूळ खेळात तरी काय कथा होती? एक प्लंबर आणि पळवलेली राजकन्या. त्या सिनेमाने १३० कोटी डॉलरच्या वर कमावले. गल्ला हाच पुरावा धरायचा, तर ‘खेळाला गोष्ट लागते’ हा पहिला मुद्दा तिथेच मोडतो. आणि जे प्रेक्षक ‘ऑनर अमंग थीव्हज’ला गेले, त्यांच्याकडून थिएटरबाहेर घेतलेल्या ‘सिनेमास्कोर’ या मतचाचणीत त्याला ए-मायनस मिळाला.

राहिला नियमांचा मुद्दा. मी हा सिनेमा आईबरोबर पाहिला. तिने वीस बाजूंचा फासा कधी हातातही धरलेला नाही. त्यात कबरीतल्या मढ्यांना बोलतं करायचा प्रसंग आहे: मढं पाच प्रश्नांची उत्तरं देतं आणि मग कायमचं गप्प होतं. हा खेळातला खराखुरा मंत्र आहे. ही मंडळी ‘हासुद्धा प्रश्न धरला का?’ असं विचारून प्रश्न वाया घालवतात, आणि पुढची कबर उकरतात. आई डोळे पुसेपर्यंत हसली. नियम तिला तिथल्या तिथे कळला होता, कारण तो मोडल्याची किंमत समोर दिसत होती. शेवटच्या मढ्याचे प्रश्न पुरे होण्याआधीच टोळी निघून गेली, तेव्हा ती म्हणाली, “अगं, याला असंच टाकून गेले?” सिनेमा संपून नावं सुरू झाली. मी उठू लागले, तर तिने हात धरून मला खाली बसवलं. नावांच्या मध्येच तो पुन्हा दिसला, कबरीत तसाच पडलेला, उरलेल्या प्रश्नाची वाट बघत.