सात पुस्तके 1546 साली घुसवली गेली का?

‘कॅथलिक चर्चने 1546 साली ट्रेंटच्या परिषदेत बायबलमध्ये सात पुस्तके घुसवली. नव्या करारात त्यांचा मागमूस नाही आणि प्रोटेस्टंट बायबलात ती कधीच नव्हती.’ हा दावा सतत फिरत असतो. तोबित, यहुदीथ, शलमोनाचे ज्ञान, सिराख, बारूख आणि मक्काबींची दोन, अशी ही सात पुस्तके.

आधी सालाचे पाहू. 397 साली उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या चर्चसभेने जी यादी मान्य केली तिच्यात तोबित, यहुदीथ आणि मक्काबी नावानिशी आहेत. फ्लॉरेन्सच्या परिषदेने 1442 साली सातही पुस्तके मोजली. तेव्हा प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरचा जन्मही झाला नव्हता. गुटेनबर्गने छापलेल्या लॅटिन बायबलात ती आहेतच. मग ट्रेंटने नवीन काय केले? यादी जुनीच ठेवली, पण ती न मानणाऱ्याला शापित ठरवले. तोवर शंकेला जागा होती. बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या आणि इब्री (हिब्रू) मूळ प्रमाण मानणाऱ्या जेरोमने ही पुस्तके वाचावीत, पण त्यांवरून सिद्धांत ठरवू नयेत, असे लिहिले होते. 1518 साली ऑग्सबुर्गला ल्यूथरची चौकशी करणारे कार्डिनल कजेतान याच मताचे होते! म्हणून प्रोटेस्टंटांची शंका उपटसुंभ होती, हा कॅथलिक बाजूचा प्रतिटोलाही तितकाच चुकीचा आहे.

नव्या करारात मागमूस नाही, हेही खरे नाही. इब्री लोकांस पत्रात (11:35) चांगल्या पुनरुत्थानासाठी छळ सोसणाऱ्यांचा उल्लेख आहे. तो मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातल्या, श्रद्धेसाठी जीव देणाऱ्या आई आणि सात मुलांच्या कथेकडे बोट दाखवतो. एवढ्यावरून ते पुस्तक प्रमाण ठरत नाही, हे मान्य. पण अवतरण हीच कसोटी लावली, तर ज्याचे एकही अवतरण नव्या करारात नाही ते जुन्या करारातले एस्तेरचे पुस्तक बाहेर जाईल, आणि नव्या करारातल्या यहूदाच्या पत्रात उद्धृत झालेला, पण बायबलबाहेरचा हनोखाचा ग्रंथ आत घ्यावा लागेल. त्याला दोन्ही बाजू तयार नाहीत.

राहिला तिसरा मुद्दा. ल्यूथरच्या 1534 च्या जर्मन बायबलात ही पुस्तके जुना आणि नवा या दोन करारांच्या मधे, ‘पवित्र शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, तरी वाचायला उपयुक्त’ अशा शेऱ्यासह छापलेली आहेत. 1611 च्या किंग जेम्स बायबलातही ती होती. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने त्यांच्या छपाईला पैसा द्यायचा नाही असे ठरवले ते 1826 साली, आणि त्यानंतरच ती नसलेली बायबले जगभर सर्रास झाली.