डायनाने शॉर्टकट घ्यायला नको होता

'वंडर वुमन १९८४' परवा टीव्हीवर पुन्हा लागला होता. पुन्हा पाहिला आणि पुन्हा तेवढाच जीव तुटला, म्हणून आज सविस्तर लिहितेय. पोस्ट मोठी आहे. ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांनी पुढे वाचू नका, सगळी गोष्ट उघड होणार आहे.

वाईट सुपरहिरो सिनेमे ढिगाने येतात, आपण पाहतो आणि विसरून जातो. हा विसरता येत नाही, कारण तो पहिल्या दहा मिनिटांत स्वतःच एक नियम घालून देतो आणि उरलेले सव्वादोन तास तो नियम मोडत बसतो. आणि मोडते कोण, तर डायना. माझी आवडती डायना, म्हणजेच वंडर वुमन.

ती सुरुवात आठवा. डायना जिथे वाढली त्या थेमिस्किरा बेटावरचे खेळ. एवढीशी डायना मोठमोठ्या अ‍ॅमेझॉन योद्ध्यांबरोबर शर्यतीत उतरलीय आणि चक्क पुढे आहे. मागे कोण किती अंतरावर आहे हे बघायला वळते आणि घोड्यावरून पडते. घोडा पुढे निघून जातो. मग ती डोंगरातल्या आडवाटेने घसरत खाली येते, घोडा गाठते आणि पुन्हा पहिली होते. आता फक्त शेवटचा भाला फेकायचा राहिलाय, तेवढ्यात मावशी अँटिओपी तिला पकडून बाजूला काढते. मधला टप्पा गाळलास, म्हणून जिंकायचा हक्क नाही. खोटेपणातून कुणी वीर घडत नाही. लिली अ‍ॅस्पेल या छोट्या मुलीने त्या क्षणी चेहऱ्यावर जो अपमान दाखवलाय ना, तो बघून आजही पोटात कालवतं. आपण एका मोठ्या सिनेमाच्या दारात उभे आहोत असं तेव्हा वाटतं.

आणि वाटणं साहजिक होतं, कारण आधीचा भाग तसा होता. २०१७ चा 'वंडर वुमन' मी धाकट्या बहिणीबरोबर पाहिला. आम्ही दोघी कार्टून नेटवर्कवरच्या जस्टिस लीगवर वाढलेल्या, त्यामुळे डायना घरचीच होती. पण पहिल्या महायुद्धाच्या खंदकातला तो प्रसंग आला आणि आम्ही दोघी खुर्चीच्या कडेला आलो. मूल कडेवर घेतलेली एक बाई डायनाचा हात धरून सांगतेय की पलीकडच्या गावात लोक उपाशी मरताहेत. तिच्या प्रेमात पडलेला सोबतचा वैमानिक स्टीव्ह म्हणतो, हा नो मॅन्स लँड आहे, कुणालाही ओलांडता येत नाही, आपण प्रत्येकाला वाचवू शकत नाही. त्याचं बरोबरच आहे. तरी ती अंगावरचा कोट काढते, शिडीवर पाय ठेवते आणि वर चढते. समोर खलनायक वगैरे कुणी नाही, नुसता चिखल आणि गोळ्या. आधी मनगटावरच्या कड्यांनी गोळ्या अडवते, मग मशीनगनचा सगळा मारा एकट्या ढालीवर घेत गुडघा टेकून उभी राहते, आणि मागचे पुरुष त्या संधीचा फायदा घेऊन पुढे धावतात. दिग्दर्शिका पॅटी जेन्किन्सने नंतर मुलाखतीत सांगितलं होतं की या प्रसंगात ती नेमकी लढतेय कुणाशी, हेच सोबतच्या काही जणांना कळत नव्हतं. थिएटरमधल्या आम्हाला बरोबर कळलं होतं. समोर दुःख दिसत असताना तिला पुढे निघून जाता येत नाही. हीच डायना, एवढीच डायना.

आता दुसऱ्या भागाकडे या. इच्छा पूर्ण करणारा एक दगड आहे. तो जे देतो त्याच्या बदल्यात काहीतरी काढून घेतो. डायना नकळत स्टीव्ह मागते आणि स्टीव्ह येतो. १९१८ मध्ये मेलेला माणूस १९८४ मध्ये परत येतो. इथवर माझी काही तक्रार नाही. ६६ वर्षं एकाच माणसाची आठवण काढत एकटीने जेवणारी बाई त्यालाच मागणार. पण तो येतो कसा? दुसऱ्या एका जित्याजागत्या माणसाच्या शरीरात! त्या माणसाचं स्वतःचं घर आहे, कपाटात कपडे आहेत, म्हणजे नोकरी असेल, आईवडील असतील, त्या आठवड्यात कुणाला भेटायचं ठरलं असेल. डायना आणि स्टीव्ह त्याच्या घरात राहतात, त्याच्या बिछान्यात झोपतात, त्याचे कपडे घालून बघतात. मग त्याचं शरीर घेऊन इजिप्तच्या रस्त्यावर गोळीबारात उतरतात. त्या गोळीबारात काही झालं असतं तर मेलं कोण असतं? हा प्रश्न डायनाला एकदाही पडत नाही. श्रेयनामावलीत तर त्या माणसाला नावसुद्धा नाही, नुसतं 'देखणा पुरुष'. खंदकातल्या अनोळखी बाईसाठी मशीनगनसमोर जाणारी हीच का ती?

मला कुणी म्हणेल, एवढा विचार करायचा नसतो, फँटसी आहे. का नसतो? विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये ही नायिका निर्माण केली. रक्तदाबावरून खोटं पकडायच्या चाचणीवर काम केलेला माणूस तो. त्याच्या नायिकेच्या कमरेला लटकतो तो पाशही माणसाकडून खरं वदवून घेणारा. सत्य हाच जिचा धर्म, तिने दुसऱ्याचं आयुष्य वापरलं आणि शेवटी बर्फात तो माणूस समोर आला तेव्हा त्याच्या कपड्यांचं कौतुक करून त्याला जाऊ दिलं. त्याला काहीच माहीत नाही. तिने सांगितलंच नाही.

मोठा शॉर्टकट हा. छोटे तर पावलोपावली आहेत. विमान अदृश्य करायची शक्ती तिला गरज पडल्या क्षणी येते. म्हणे आजवर एका कपावर जमलं होतं. फटाक्यांच्या रोषणाईतून जाणारं ते विमान फार सुंदर दिसतं, नाही म्हणणार नाही. सोन्याच्या चिलखताची ट्रेलरभर हवा केली आणि चीता झालेल्या बार्बराने काही मिनिटांत त्याचे पंख फाडले.

ही बार्बरा म्हणजे दगडाकडे डायनासारखं व्हायचं मागणारी तिची सहकारी. तिचं मात्र खरंच वाईट वाटलं. क्रिस्टन विगने काय सुंदर सुरुवात केली होती! कुणाच्या लक्षात न राहणारी, धांदरट, पण रस्त्यावरच्या बेघर माणसाला आठवणीने खायला नेऊन देणारी बाई. शक्ती आल्यावर तिला त्रास देणारा दारुडा पुन्हा भेटतो, ती त्याला तुडवते, थांबतच नाही, आणि तोच बेघर माणूस तिला विचारतो की तू हे काय करतेयस. दगडाने तिच्यातली माया काढून घेतली, हे एवढ्या एका प्रसंगात कळतं. इथून पुढे फार मोठी शोकांतिका होऊ शकली असती. त्याऐवजी तिला अंगभर ठिपके मिळाले, अंधारातली एक मारामारी मिळाली, आणि शेवटी तिने इच्छा सोडली की नाही हेही आपल्याला कुणी नीट सांगत नाही.

आणि तो शेवट. दगडाची शक्ती स्वतःच्या अंगात घेतलेला खलनायक मॅक्सवेल लॉर्ड टीव्हीवरून जगभरच्या लोकांच्या इच्छा पूर्ण करतोय आणि डायना सगळ्यांना समजावते की मागितलेलं परत करा. लोक करतात. सगळे, काही मिनिटांत. मी तेव्हापासून एकाच माणसाचा विचार करतेय. त्या गर्दीत एखाद्या आईने आजारी लेकराचं आयुष्य मागितलं असेल. तिनेही परत केलं? कसं केलं असेल? डायनाला स्टीव्ह सोडताना काय यातना झाल्या ते आम्ही पाहिलं. मागे वळूनही न बघता ती रस्त्यावरून पळत सुटते आणि पळता पळता हवेत उचलली जाते, तो प्रसंग दोन्ही भागांतल्या उत्तम प्रसंगांपैकी आहे. मग तीच यातना जगातल्या बाकी सगळ्यांच्या वाट्याला आल्यावर तिचा हिशेब एका भाषणात कसा उरकला?

कोरोनामुळे पडला, असं अजूनही ऐकू येतं. कमाईपुरतं ते खरं असेल. अमेरिकेत २५ डिसेंबर २०२० ला तो थिएटर आणि एचबीओ मॅक्स या ओटीटीवर एकाच दिवशी आला. पहिल्याने जगभरात ८२ कोटी डॉलर कमावले होते, हा १७ कोटींच्या आसपास थांबला. आपल्याकडे महाराष्ट्रात तर थिएटरं नोव्हेंबरमध्ये निम्म्या क्षमतेने नुकती उघडली होती. मी मास्क लावून, घरच्यांची बोलणी खाऊन ठाण्यात थिएटरला जाऊन पाहिला, एक खुर्ची सोडून एक माणूस. इतक्या महिन्यांनी मोठा पडदा बघून डोळे भरून आले होते. म्हणजे मी प्रेम करायलाच गेले होते, आणि हॉलमधले सगळेच तसे आले होते. त्या दिवशी आमच्याकडून मान्य करून घेणं किती सोपं होतं! पण संहितेतली भोकं काही कोरोनाने पाडली नव्हती.

डायना झालेल्या गॅल गडॉटवर माझा राग नाही. निरोपाच्या प्रसंगात तिने मनापासून काम केलंय, आणि पेड्रो पास्कालने त्या लॉर्डमधला घाबरलेला बाप शेवटी असा बाहेर काढलाय की गलबलून येतं.

डिसेंबर २०२२ मध्ये तिसरा भाग पुढे जात नसल्याच्या बातम्या आल्या. जेम्स गन आणि पीटर सॅफ्रन यांच्या हाती डीसीचा, म्हणजे वंडर वुमनसारख्या नायकांचे सिनेमे काढणाऱ्या स्टुडिओचा, नवा कारभार आला होता, त्यांचा रस्ता वेगळा. माझ्यासाठी ही सगळ्यात जिव्हारी लागलेली बाब. मला तिसऱ्या भागात मोठी लढाई नको होती. डायनाने वॉशिंग्टनमधल्या त्या माणसाचं दार वाजवावं, समोर बसावं आणि त्याच्या हरवलेल्या दिवसांत काय घडलं ते त्याला सगळं सांगावं, मग तो काय म्हणतो ते ऐकून घ्यावं, हा प्रसंग मला हवा होता. आता तो कुणी लिहिणार नाही.

हा भाग ज्यांना मनापासून आवडला त्यांनी जरूर लिहा, मला खरंच ऐकायचंय. फक्त त्या माणसाबद्दल तुम्हाला काय वाटलं, ते आधी सांगा.