ससूनांचा पैसा कापसाआधी अफूतून आला

ससून डॉक, पुण्याचं ससून हॉस्पिटल, काळा घोड्याजवळचं डेव्हिड ससून वाचनालय. यांच्यावर पोस्ट पडली की खाली कुणीतरी लिहितंच, "कापसाचे मोठे व्यापारी." कापूस होताच, पण घराणं उभं राहिलं ते माळव्याच्या अफूवर. ते का जमलं, हेही सांगायला हवं.

डेव्हिड ससून मूळ बगदादचे ज्यू, इराणच्या बुशेर बंदरातून 1832 च्या सुमारास मुंबईत आले. तेव्हा चीनला अफू पाठवायच्या या धंद्यात पारशी पेढ्या आणि जार्डिन मॅथेसन ही ब्रिटिश कंपनी मुरलेल्या होत्या. बंगालची अफू सरकारी मक्तेदारीतली, कलकत्त्यात लिलावाने विकली जाणारी. माळव्याची मात्र संस्थानांच्या मुलखात पिकायची आणि सरकार ती मुंबईला नेऊ देण्याची नुसती पास फी घ्यायचं. 1843 मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, फी चुकवून माल नेण्याची कराचीची चोरवाट बंद झाली आणि पेटीमागची 125 रुपये फी 1847 पर्यंत 400 वर गेली. पेटी साधारण 63 किलोची. एवढी फी भरायची आणि वर मालही मुंबईच्या चढ्या भावाने घ्यायचा, तर सुटणार काय?

ससूनांनी खरेदी थेट शेतापाशी नेली. पीक उभं असतानाच माळव्यातल्या व्यापाऱ्यांना किमतीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत उचल द्यायची आणि माल बांधून घ्यायचा. पीक बुडालं तर उचल अडकायची, म्हणून हे छोट्या पेढीचं काम नव्हतं. मुंबईत बाजारभावाने घेणाऱ्यांना ससूनांच्या किमतीशी टक्कर देता येईना. 1870 नंतर थोड्याच वर्षांत जार्डिनने अफू सोडली. चीनच्या टोकाला डेव्हिड यांचा मुलगा इलायस 1844 पासून होता. पेढीची पत्रं हिब्रू लिपीतल्या बगदादी अरबीत जायची, त्यामुळे टपाल परक्याच्या हाती लागलं तरी भाव फुटत नसे.

पुढे डेव्हिड यांचे थोरले चिरंजीव अल्बर्ट ससून मुंबईच्या कायदेमंडळात बसले. फी भरणारा आणि फी घेणारा एकाच दालनात. मला सगळ्यात जास्त हेच बोचतं, कारण या व्यापाराची किंमत चीनमधल्या घराघरांनी मोजली. हॉस्पिटलचं दान खरं आहे, त्याने हे पुसलं जात नाही.

आणि कृपा करून बेने इस्रायलींना, म्हणजे कोकणातल्या जुन्या ज्यूंना, यात ओढू नका. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, मराठी बोलणारे ते 'शनवार तेली'. ससूनांसारखे बगदादी ज्यू त्यांना बरोबरीचं मानायलाही तयार नसत.

1907 च्या ब्रिटन-चीन करारानुसार चीनला जाणारी अफू दरवर्षी एक दशांशाने कमी होणार होती. तोवर इलायसच्या शाखेने, ई. डी. ससून कंपनीने, मुंबईत गिरण्या उभारल्याही होत्या, आणि तिथल्या मागांवर कोकणातली माणसं उभी होती.