गाण्याचा कळस ६१.८ टक्क्यांवर नसतो

सांगलीतल्या आमच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर पुन्हापुन्हा येतोय. लोकप्रिय गाण्याचा कळस म्हणे त्याच्या लांबीच्या ६१.८ टक्क्यांवर, सुवर्ण गुणोत्तरावर (१.६१८ला १, म्हणजेच ६१.८ टक्के) येतो, म्हणून ते गोड लागतं. पेटीच्या सप्तकातल्या ५ काळ्या, ८ पांढऱ्या, एकूण १३ पट्ट्या हा त्याचा पुरावा, कारण ५, ८, १३ हे फिबोनाचीच्या मालिकेतले आकडे : प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज, आणि शेजारच्या दोघांचं गुणोत्तर १.६१८च्या जवळ जात राहतं. आणि पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं.

पट्ट्यांचं आधी उरकतो. पांढऱ्या पट्ट्या ७च. वरचा सा परत मोजला तरच ८ आणि १३ जमतात.

आता टक्के. ४ मिनिटं २० सेकंदांच्या गाण्यात ही खूण २ मिनिटं ४१ सेकंदांवर पडते. पाच टक्के मागेपुढे चालवून घेतलं की २६ सेकंद मोकळे मिळतात. मुखडा आणि तीन अंतऱ्यांच्या गाण्यात तेवढ्यात काहीतरी सुरू होणारच, मधला पीस नाहीतर अंतऱ्याची उचल. त्यालाच कळस म्हटलं की झालं!

मला खरं बोलायचंय ते वन्स मोअरबद्दल. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं ते याच गावात. इथला श्रोता आवडलेली जागा परत मागतो. गणपतीत ऑर्केस्ट्राला मी तबल्यावर असतो. गायकानं अंतऱ्यातली वरची जागा घेतली की टाळ्या पडतात, तो ती ओळ आणखी दोनदा घेतो, मी लग्गी, म्हणजे ठेक्यातली जलद, खेळकर वाजवणी, लावतो. चार मिनिटांचं गाणं साडेपाचवर जातं, ६१.८ची खूण कुठल्या कुठे सरकते. दाद पडते ती त्याच जागेला, कारण आधीच्या ओळीनं सूर चढवत नेऊन ती तयार केलेली असते. आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गाणं अजून किती उरलंय हेच माहीत नसतं. तो टक्के कशाचे काढणार?

पूर्वजांचं श्रेय खरंच मोठं आहे, म्हणून ते नीट सांगावं. छंदशास्त्र लिहिणाऱ्या विरहांकानं आणि पुढे ११५०च्या सुमारास हेमचंद्रानं लघु-गुरूंचा (एक मात्रेची आणि दोन मात्रांची अक्षरं) हिशेब मांडला : ४ मात्रा ५ तऱ्हांनी भरतात, ५ मात्रा ८ तऱ्हांनी, ६ मात्रा १३ तऱ्हांनी. हेच आकडे देणारं फिबोनाचीचं पुस्तक नंतरचं, १२०२चं. पण हा हिशेब मांडण्या किती होतात याचा आहे. कळस कुठे यावा, हे त्यात कुठेच नाही.

गुणोत्तरच ऐकायचं असेल तर मिरजेत तंबोरा जुळवताना बसा. पंचम षड्जाशी कंपनांच्या ३:२ या प्रमाणानं मिळतो. केसभर हलला तरी कानाला खुपतो. १.६१८चा सूर लावायला गेलात तर तो कोमल धैवताच्या जरा वर, शुद्ध धैवताच्या खाली पडतो. तिथे कुणी तार मिळवत नाही.